अजून तयार नाही

७ नोव्हेंबर २०२५च्या सकाळी सहा वाजता भाच्याचा फोन आला. सुट्टीच्या दिवसांत हा मुलगा दहाच्या आत अंथरूण सोडत नाही, त्यामुळे फोन पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. "मावशी, परत पुढे ढकलला," एवढंच तो म्हणाला. काय ढकललं ते मला विचारावं लागलं नाही. त्याच्या आवाजावरूनच कळलं.

'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा, म्हणजे पोरांच्या भाषेत 'जीटीए'चा, सहावा भाग. पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ला आला तेव्हा माझा भाचा पहिलीत होता. आज तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि पुढचा भाग अजून आलेला नाही. डिसेंबर २०२३मध्ये पहिला ट्रेलर आला, तेव्हा २०२५ साल सांगितलं होतं. मग २६ मे २०२६ ही तारीख आली. भाच्याने त्यावर सगळा हिशोब मांडला होता: परीक्षा कधी संपते, सुट्टी किती, साठवलेले पैसे पुरतात का. आणि त्या सकाळी कळलं की आता १९ नोव्हेंबर २०२६.

मी त्याला म्हटलं, "चांगलं झालं की."

त्याला माझा राग आला. फोन ठेवला त्याने. मला मात्र खरंच तसं वाटलं होतं, आणि का वाटलं तेच या लेखात सांगायचं आहे. येत्या वर्षात कोणकोणते मोठे गेम येणार याच्या याद्या सगळीकडे छापून येतात. त्या याद्यांतल्या तारखांमागे काय चाललेलं असतं, हे त्या याद्यांत नसतं.

मी गेली चौदा वर्षं पुण्यात गेम टेस्टर म्हणून काम करते. लोकांना वाटतं, हिला दिवसभर खेळायचे पैसे मिळतात. प्रत्यक्षात मी दिवसभर चुका शोधते. समजा गेममध्ये एक किल्ला आहे. मी माझं पात्र त्या किल्ल्याच्या भिंतीला चिकटवते आणि भिंतीला घासत घासत सगळा किल्ला फिरवते. प्रत्येक कोपरा, प्रत्येक पायरी, प्रत्येक दाराची चौकट. कुठेतरी भिंत दिसते पण लागत नाही. पात्र आरपार जातं आणि जगाच्या खाली, निळ्या पोकळीत पडत राहतं. मग ते पुन्हा घडवून बघायचं. कुठून धावत आलं, कोणत्या कोनात उडी मारली, हातात तलवार होती की नव्हती. वीस वेळा करून बघायचं आणि लिहायचं: २० पैकी ६ वेळा. दुरुस्त करून नवी आवृत्ती आली, तिला आम्ही बिल्ड म्हणतो, की तोच किल्ला परत पहिल्यापासून. कारण एक भिंत दुरुस्त करताना दुसरीकडचं दार अडकलेलं असतं.

माझ्या कामाचं सार तीन शब्दांत सांगता येतं: अजून तयार नाही. मी रोज हेच सांगते, वेगवेगळ्या पुराव्यांनिशी. ते कोण ऐकतं, आणि कधी ऐकतं, यावर गेमचं नशीब ठरतं.

मग तारीख ठरवतं कोण? तारीख ठरवणारे बहुतेक वेळा भिंती तपासणाऱ्यांपासून फार लांब बसलेले असतात. मोठ्या गेम कंपन्या शेअर बाजारात आहेत. 'जीटीए' बनवणाऱ्या रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. कोणत्या तिमाहीत काय विकलं जाणार हे गुंतवणूकदारांना आधीच सांगावं लागतं. नोव्हेंबरची ही बातमीसुद्धा तिमाही निकालांच्या दिवशीच आली. त्यात अमेरिका-युरोपात नाताळच्या आधीचे दोन महिने म्हणजे खरेदीचा हंगाम, आपल्याकडे दिवाळीच्या आधीचे असतात तसे. जाहिराती महिने महिने आधी ठरतात. म्हणून तारीख आधी येते आणि काम तिच्या मागून धावतं.

काम संपलं असं आपल्याला वाटलं तरी ते संपत नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेंडोवर गेम आणायचा तर त्या त्या कंपनीची स्वतःची परीक्षा पास व्हावी लागते. गेम सुरू असताना कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम आपोआप थांबतो का? साठवायला जागा उरली नाही तर नीट सूचना देतो का? मधेच मशीन झोपवलं आणि दोन तासांनी उठवलं तर जिथे होता तिथेच असतो का? यात नापास झालं तर दुरुस्त करायचं आणि परत रांगेत उभं राहायचं. हे सगळं पार पडलं की गेम 'गोल्ड' झाला असं म्हणतात. पूर्वी त्या प्रतीवरून कारखान्यात डिस्क छापायला घ्यायचे, आणि एकदा छापलं की विषय संपला. आता इंटरनेटवरून मागाहून दुरुस्ती पाठवता येते. ही मोठी सोय आहे, आणि हीच मोठी पळवाटही आहे. नंतर दुरुस्त करू, असं म्हणायला जागा मिळते.

या पळवाटेची किंमत मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मोबाइल गेमच्या टेस्टिंगला होते. बाग वाढवायचा साधा गेम. रोपं लावायची, पाणी घालायचं, फुलं विकायची, बाग मोठी करायची. दिवाळीच्या आधी आठवडाभर यायचा होता, जाहिराती ठरलेल्या होत्या. शेवटच्या दहा दिवसांत मला एक चूक सापडली. गेम तुमची बाग फाइलमध्ये लिहून ठेवत असतानाच, अगदी त्या एका क्षणात, फोन वाजला तर कमी मेमरीच्या हँडसेटवर फोनची सिस्टीम गेम बंद करून टाकायची. फाइल अर्धीच लिहिली जायची. पुढच्या वेळी उघडलं की मोकळं रान आणि हातात पहिलं बी. माझ्या टेबलावर स्वस्तातले दोन हँडसेट होते. एकावरून दुसऱ्याला फोन लावत मी दुपारभर बसले. २० पैकी २ वेळा घडलं.

उपाय माहीत होता. जुन्या फाइलवर थेट लिहायचं नाही. नवी फाइल पूर्ण लिहून घ्यायची आणि मगच जुनी काढायची. दुकानदार नवी वही उतरवून झाल्याशिवाय जुनी फाडत नाही, तसं. पण साठवण्याच्या पद्धतीला हात लावायचा म्हणजे सगळ्या हँडसेटवर सगळी तपासणी नव्याने करायची. दोन आठवडे गेले असते. मीटिंगमध्ये ठरलं की वीसात दोनदा म्हणजे क्वचितच, आणि माझ्या नोंदीपुढे शेरा पडला: माहीत आहे, चालेल.

तारीख पाळली गेली. पहिल्याच आठवड्यात पुष्कळ लोकांनी तो गेम घेतला. आमची वीसाची चाचणी खऱ्या जगात लाखो वेळा होऊ लागली. आणि आपल्याकडे फोन काय, वाजतच असतात. एका बाईंची तक्रार मला अजून आठवते. मुलाला झोपवून त्या रोज रात्री अर्धा तास खेळायच्या. नवऱ्याचा रात्रपाळीवरून फोन आला, बोलून परत आल्या, तर बाग नव्हती. दोन महिन्यांची होती. त्यांनी शिवीगाळ केली नव्हती. मी काही चुकीचं दाबलं का, एवढंच विचारलं होतं.

आम्ही दुरुस्ती पाठवली. त्यानंतर कुणाची बाग गेली नाही. पण ज्यांची गेली होती त्यांना ती परत देता आली नाही, कारण ती कुठेच लिहिलेली नव्हती. गेमच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं असतात. त्यात माझंही होतं, टेस्टर म्हणून. त्या बाईंनी काही चुकीचं दाबलं नव्हतं, हे सांगू शकणारी व्यक्ती त्या यादीत होती आणि तिने आधी सांगितलंही होतं, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. तेव्हापासून एखादा गेम पुढे ढकलल्याचं वाचलं की मला वाटतं, तिथे कुणाच्या तरी नोंदीपुढे 'चालेल' असा शेरा पडला नाही.

ही लहान गेमची गोष्ट झाली. मोठ्यांमध्ये काय होतं याचं उदाहरण जगाने २०२०मध्ये पाहिलं. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या सीडी प्रोजेक्टचा 'सायबरपंक २०७७' २०१२मध्ये जाहीर झाला होता. १६ एप्रिल २०२० ही तारीख, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम गोल्ड झाल्याची घोषणाही झाली आणि त्याच महिन्याच्या शेवटी आणखी एकवीस दिवस मागितले गेले. शेवटी १० डिसेंबरला आला. चांगल्या कॉम्प्युटरवर बरा चालला, पण घरोघरी असलेल्या जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो धड उभाही राहत नव्हता. कंपनीने जाहीर माफी मागितली, पैसे परत द्यायची तयारी दाखवली. सोनीने तर आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढूनच टाकला. तो परत विक्रीला लागला जून २०२१मध्ये.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्या लोकांनी काम सोडलं नाही. जवळजवळ तीन वर्षं ते दुरुस्त करत राहिले आणि सप्टेंबर २०२३मध्ये मोठी सुधारित आवृत्ती आली. त्यानंतर ज्यांनी तो पहिल्यांदा खेळला त्यांना एक फार सुंदर गेम मिळाला. म्हणजे तो गेम मनात होता, हातात होता, फक्त तयार नव्हता. आणि तीन-तीनदा ढकलूनही पुरेसा ढकलला नव्हता.

याच्या उलट टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातलं. टीम चेरी नावाची इनमीन तीन माणसांची मंडळी. त्यांचा 'हॉलो नाइट' २०१७मध्ये आला. जमिनीखालच्या किड्यांच्या एका ओसाड राज्यात फिरणारा एवढासा योद्धा, हाताने काढलेली चित्रं. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच गेमला एक छोटी पुरवणी जोडायची म्हणून काम सुरू झालं. ते वाढत गेलं आणि फेब्रुवारी २०१९मध्ये 'सिल्कसाँग' या नावाने स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झालं. मग वर्षानुवर्षं शांतता. मोठ्या कार्यक्रमांत नाव यायचं, तारीख यायची नाही. २०२३मध्ये येणार अशी आशा होती, तेव्हाही थोडा वेळ द्या एवढंच सांगितलं गेलं. चाहते इतके आतुर झाले की हा गेम कधी येणार हा प्रश्न विनोदाचा विषय झाला. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी तारीख सांगितली ती एकदम दोन आठवड्यांवरची: ४ सप्टेंबर. त्या आठवड्यात येणारे कितीतरी लहान गेम घाईघाईने बाजूला सरकले. आणि ज्या क्षणी विक्री सुरू झाली त्या क्षणी स्टीमसह मोठी मोठी ऑनलाइन दुकानं गर्दीने कोलमडली.

इतकी वर्षं का लागली, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. काम कुठे अडलं नव्हतं. करायला मजा येत होती, नवं नवं सुचत होतं, म्हणून करत राहिले. पहिल्या गेमने कमावून दिलेलं होतं, डोक्यावर गुंतवणूकदार नव्हते, कुणाला तिमाहीचा हिशोब द्यायचा नव्हता. ही चैन सगळ्यांना परवडत नाही हे मला कळतं. पण तिथे 'अजून तयार नाही' म्हणणारे आणि ते ऐकणारे एकच होते. म्हणून ते ऐकलं गेलं.

एवढं सगळं भाच्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "म्हणजे ढकललेलं नेहमी चांगलंच?" नाही. तसं असतं तर या जानेवारीत मला रडू आलं नसतं.

ज्या गेममुळे ते आलं तो मला जवळचा आहे. इचलकरंजीत माझ्या मामाचा कॉम्प्युटर क्लास होता. १९९५च्या सुमाराची गोष्ट. चार कॉम्प्युटर, काळे-पांढरे पडदे, चपला बाहेर काढून आत जायचं. क्लास सुटला की मामा मला फ्लॉपीवरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावून द्यायचा. तळघरात अडकलेल्या राजकुमाराने साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. कितीही वेळा मरा, पुन्हा उठता येतं, पण घड्याळ थांबत नाही. जमिनीतून सुळे वर यायचे. त्यांच्यावरून धावलं की संपलं. पण शिफ्टचं बटण दाबून एकेक पाऊल टाकलं तर सुळ्यांच्या मधून अलगद जाता यायचं. मला ते बटण फार आवडायचं. कड्याला बोटांनी लोंबकळायलाही तेच बटण. जॉर्डन मेकनर या तरुणाने सुमारे चार वर्षं खपून तो गेम बनवला होता आणि १९८९मध्ये तो आला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं, आणि त्यावरून एकेक चौकट उतरवून घेतली. म्हणून तो राजकुमार खऱ्या माणसासारखा धापा टाकत धावायचा. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा फक्त वाटायचं, याच्या आत कुणीतरी जिवंत आहे.

२००३मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात युबिसॉफ्टने याच राजकुमाराचा 'द सँड्स ऑफ टाइम' बनवला. त्याची कथा सुरू होते भारतात, एका महाराजांच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने. महाराजांच्या खजिन्यातला एक खंजीर राजकुमाराच्या हाती लागतो, त्याने काळ काही क्षण मागे फिरवता येतो. पुढे त्याला साथ देते ती महाराजांची मुलगी फराह. सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की हा गेम नव्या रूपात येतोय, आणि तो बनवताहेत युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ.

पुण्यात आमच्या धंद्यातल्या माणसांना तेव्हा काय वाटलं असेल ते शब्दांत सांगणं कठीण आहे. आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गेमचे भाग करून देत आलो. कुणी चिलखतं रंगवली, कुणी झाडं उभी केली, कुणी माझ्यासारख्या भिंती घासल्या. इतका मोठा, नाव असलेला गेम आपल्या शहरातून येणार, ही पहिलीच वेळ होती. माझा त्या कामाशी काही संबंध नव्हता, पण मी मामाला फोन केला होता.

तारीख होती २१ जानेवारी २०२१. पहिला ट्रेलर आला आणि चित्रं जुनाट वाटतात म्हणून जगभरातून टीका झाली. तारीख १८ मार्चवर गेली. मग तारीखच उरली नाही. मे २०२२मध्ये काम पुणे-मुंबईहून माँट्रियलला गेलं. पुढे २०२६मध्ये येणार असं सांगितलं गेलं. आणि यंदा २१ जानेवारीला युबिसॉफ्टने जे सहा गेम रद्द केल्याचं जाहीर केलं त्यांत हा होता. पहिल्या तारखेला बरोबर पाच वर्षं झाली, त्याच दिवशी.

आपल्याकडे म्हण आहे, बाजारात तुरी. घरात आलेल्या नसतात आणि वाटणीवरून भांडण सुरू झालेलं असतं. गेमच्या दुनियेत हे फार होतं. जाहीर केल्यापासून तारीख चार महिन्यांवर ठेवायची आणि मग लोकांनी पाहिल्यावर कळायचं की अजून पुष्कळ काम आहे. 'अजून तयार नाही' हे वाक्य योग्य वेळी, दार बंद असताना म्हटलं गेलं तर ते गेमला वाचवतं. चारचौघांत, टीका झेलत म्हणावं लागलं तर त्याचं ओझं होतं. ज्यांनी लॉकडाऊनच्या त्या वर्षात इथे त्या राजवाड्यांवर काम केलं, त्यांचं काम आता कुणी खेळणार नाही. मला वाईट वाटतं ते त्यांच्यासाठी.

पण पुण्याचं खातं एवढ्यावर बंद होत नाही. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाचा गेम बनवायला घेतला. सर्कशीत काम करणारी राजी आणि तिचा हरवलेला धाकटा भाऊ गोलू यांची गोष्ट, राजस्थानी महालांत घडणारी, मधे मधे बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली. २०१७मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी थांबले नाहीत. २०२०च्या ऑगस्टमध्ये गेम आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२२मध्ये 'इंडस' जाहीर केला. त्याची वाट पाहणाऱ्यांनीही कधी कधी म्हणून डोकं खाल्लं, आणि तो आला ऑक्टोबर २०२४मध्ये. अमिताभ बच्चन आणि अमीश त्रिपाठी ज्या तारा गेमिंगच्या संस्थापकांत आहेत तिचा 'द एज ऑफ भारत' अजून यायचा आहे. आपल्या मातीतले गेम येताहेत. त्यांना आपण थोडा वेळ द्यायला शिकलं पाहिजे.

आता या वर्षाच्या यादीकडे वळते. जपानच्या कॅपकॉमचा 'रेसिडेंट ईव्हिल रेक्विम' २७ फेब्रुवारीचा. या भीतीकथांच्या मालिकेला यंदा तीस वर्षं होतात. जेम्स बाँड तरुण असताना तो बाँड कसा झाला, हे सांगणारा '००७ फर्स्ट लाइट' डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने मार्चमधून २७ मेवर नेला आहे. इन्सॉम्नियाकचा 'वुल्व्हरिन' याच वर्षात यायचा आहे. ब्रिटनच्या प्लेग्राउंड गेम्सचा 'फेबल' २०२५चा होता, तो २०२६वर आला. त्यांचाच गाड्यांच्या शर्यतीचा 'फोर्झा होरायझन ६' यंदा जपानच्या रस्त्यांवर धावणार आहे. आणि वर्षाच्या शेवटाकडे जीटीए. फ्लोरिडासारख्या दिसणाऱ्या लिओनिडा या काल्पनिक राज्यातली, ल्युसिया आणि जेसन या जोडीची गुन्हेगारी कथा.

पालकांना एक कळकळीचं सांगते. जीटीए हा मोठ्यांचा गेम आहे. युरोपात त्या मालिकेवर १८ वर्षांचा शिक्का असतो, आणि तो योग्य आहे. घरात बारा वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसला असेल तर सगळे खेळतात म्हणून देऊ नका. सिनेमाला वय बघता, तसंच इथेही बघा. गेमच्या पानावर वयाचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो.

दुसरं, आगाऊ पैसे भरायची घाई करू नका. पूर्वी दुकानात डिस्क संपायच्या, म्हणून आधी नाव नोंदवण्यात अर्थ होता. इंटरनेटवरून उतरवायचा गेम कधी संपत नाही. आठवडाभर थांबा. तुमच्याच मशीनवर खेळलेल्या माणसांचं काय म्हणणं आहे ते वाचा. तुमचे पैसे तुमच्या हातात असणं, हीच 'चालेल' असा शेरा मारणाऱ्याला थांबवणारी गोष्ट आहे. गेम आधीच विकला गेला असेल तर आमच्या नोंदींना वजन उरत नाही. आणि मोठा गेम घ्यायच्या आधी घरच्या मशीनवर जागा किती आहे तेही बघून ठेवा. आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे सहज जातात. निम्मं उतरवून झाल्यावर जागा संपली की सगळा उत्साह मावळतो.

तिसरं, तारीख ढकलली म्हणून बनवणाऱ्यांना शिव्या देऊ नका. गेम बनवणाऱ्यांना अर्वाच्य, धमक्यांचे निरोप जातात, हे मी आमच्या धंद्यात बघते. तारीख जवळ आली की आमच्याकडे जेवायच्या वेळा राहत नाहीत, रविवार राहत नाहीत. त्याला क्रंच म्हणतात. तो शब्द ऐकायला कुरकुरीत वाटतो, पण त्यात लोकांची लग्नं मोडतात, पाठी जातात. पुढे ढकललेल्या तारखेतून नेहमी विश्रांती मिळते असंही नाही. कधी कधी तोच क्रंच सहा महिने लांबतो. तरी कुणीतरी 'थांबा' म्हणालं आणि ते ऐकलं गेलं, यातून सुधारणेची जागा तयार होते.

भाच्याचा राग चार दिवसांनी गेला. दिवाळीचा उरलेला चिवडा न्यायला घरी आला तेव्हा म्हणाला, "मावशी, १९ नोव्हेंबर तरी पक्की का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि तुला कुणीही पक्कं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मग त्याला एक गोष्ट सांगितली जी त्याला माहीत नव्हती. रॉकस्टारचा एक मोठा स्टुडिओ बंगळूरुला आहे. १९९७मध्ये सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही आपल्याकडची अगदी सुरुवातीची गेम कंपनी २०१९मध्ये त्यांनी घेतली आणि तिथल्या टीमला जोडून टाकली. तुझ्या गेममधली कुठलीतरी भिंत या घडीला बंगळूरुत बसलेला कुणीतरी घासत असेल.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारलं, "तुझं नाव कुठल्या गेममध्ये आहे?" मी त्याला तो बागेचा गेम सांगितला. तो आता दुकानात मिळत नाही, पण माझ्या कपाटातल्या जुन्या हँडसेटवर आहे. हँडसेट चार्ज केला, गेम उघडला, शेवटची नावं लावली. ती सरकत वर जाताना भाचा अंगठ्याने पुढे ढकलू लागला, सवयीने. मी त्याचा हात धरला. नावं खूप हळू जातात. माझं अगदी शेवटी येतं, टेस्टरच्या रांगेत, सहा जणांमध्ये चौथं.

ते येईपर्यंत तो थांबला.